मिटल्या पंखांची खूण

"घाटातला हा पतंग आणि नेहमीचा पतंग एकाच प्रजातीचे आहेत," वर्गीकरण यंत्राने सांगितले. या पतंगाची प्रजाती वेगळी ठरली नाही, तर त्याचे घाटातले रान संध्याकाळपासून तोडायला मोकळे होणार होते.

कीटक-अभ्यासक घोसाळकरबाईंनी जिवंत पतंग बसलेली डहाळी कॅमेऱ्यासमोर धरली.

"पंख पसरून टाचणी लावा, बाई. नियम आहे."

"नियम आमचाच, आणि चुकलेला. आम्ही तुला पंख पसरलेले मेलेले पतंगच दाखवत आलो. नेहमीच्या पतंगाला नसलेला याचा दुहेरी तुरा पंख मिटल्यावरच दिसतो."

हात भरून आला, तरी त्यांनी डहाळी खाली घेतली नाही. शेवटी पतंग स्थिरावला. त्याने पंख मिटले आणि पाठीवर दुहेरी तुरा उभा राहिला.

"असे असेल तर मागचे सगळेच निर्णय तपासावे लागतील," यंत्र म्हणाले. "तोवर तोड थांबवली आहे."

"मग लाग कामाला," बाई म्हणाल्या. "पुढचा जिवंत पतंग आणते."