बांधाची घंटा

"नदीला चिकटून वाळवंट?" हेडफोनमध्ये निलेश हसला. "खेळणारे आपल्याला वेड्यात काढतील."

वेनेसाने पडद्यावरचा नकाशा मोठा केला. पुण्याची एक कंपनी राज्यं वसवण्याचा आणि बुडवण्याचा खेळ बनवत होती. त्यातल्या नद्या, शेतं आणि वाळवंटं वेनेसा कर्लीच्या खाडीकाठी आपल्या घरात बसून रचायची. तिचा वरिष्ठ निलेश याचं गणित सोपं होतं. नदीकाठ म्हटला की नकाशातला चौकोन हिरवा. वेनेसाने मात्र नदीच्या मुखाशी बांध घातला होता. बांध फुटून समुद्राचं पाणी आत शिरलं की हिरवा चौकोन पिवळा पडायचा, वाळवंट व्हायचा.

"खारं पाणी शिरलं की तीन-चार वर्षं भात होत नाही," ती म्हणाली. "विश्वास नसेल तर येऊन बघ."

"बरं, ते राहू दे. पण ही घंटा काढ. घंटा वाजली की घरटी एक माणूस हातातलं काम टाकून बांधावर धावतो म्हणे. कुणाला खरं वाटेल?"

"आमच्याकडे धावतात," ती फणकाऱ्याने म्हणाली. आपण हे शेवटचं पाहिलं तेव्हा शाळेत होतो, ते तिने सांगितलं नाही.

तेवढ्यात खरोखरच घंटा वाजायला लागली.

वाडीतल्या कपेलाची, म्हणजे छोट्या चर्चची, घंटा. बांधाला भगदाड पडलं की ती वाजवायची आणि पुरेशी माणसं जमेपर्यंत थांबायचं नाही, ही जुनी रीत. वाजवणारे तिचे पप्पा प्लासिदच असणार. आज अमावास्येचं उधाण, म्हणून ते सकाळपासून बांधाकडे घिरट्या घालत होते. वेनेसाने हेडफोन टेबलावर टाकला, घमेलं उचललं आणि पळत सुटली.

बांधाच्या पाणी सोडायच्या दाराजवळ खेकड्यांनी पोखरलेली माती खचली होती. माणूस मावेल एवढ्या भोकातून गढूळ पाणी आत घुसत होतं. बांधाच्या आतल्या बाजूला सगळ्या वाडीचं भात उभं होतं, दाण्यात नुकतं दूध भरलेलं. ती चिखल उपसून भोकात टाकू लागली. टाकलेला चिखल पाणी लगेच धुऊन नेत होतं. एकटीच्या हाताने हे होणार नव्हतं, पण आता येतीलच सगळे, असं ती स्वतःला बजावत राहिली.

ती मागे बघायची आणि पुन्हा चिखलात हात घालायची. गुरुदासकाकांच्या दाराला गणपतीनंतर कुलूप होतं, ते बांद्याला मुलाकडे गेलेले. कार्मेलिनाबाईंचे दोन्ही मुलगे गोव्यात नोकरीला. उरलेल्या घरांचा विचार तिने मुद्दामच केला नाही. तिला भीती वाटत होती, साधी, लहान पोराला वाटते तशी. घंटा वाजते आहे तोवर काही बिघडलेलं नाही, एवढाच काय तो धीर.

भोकाची वरची कड ढासळली. पाणी तिच्या मांड्यांपर्यंत आलं.

आणि घंटा थांबली.

वेनेसाला रडू फुटलं. आली माणसं. घंटा थांबली म्हणजे पुरेशी आली. निलेशला आता चांगलं सुनवायचं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. चिखलाच्या हातानेच डोळे पुसत ती मागे वळली.

पायवाटेवरून एकच माणूस धापा टाकत येत होता. डोक्यावर मातीची पाटी, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट. ते पप्पा होते. त्यांच्या मागे वाट मोकळी होती.

"पप्पा, तुमी हय इलास," ती ओरडली, "मगे घांट कोण वाजयतलो?"

प्लासिदनी पाटी भोकात उलटी केली आणि ते तिच्या शेजारी पाण्यात उतरले.

"आयकूक कोण आसा गो?"