राहिलेली गल्ली

आगीत जळालेल्या पाड्यासाठी लोणखेड्यात घरोघर फिरून भांडी, कपडे, धान्य गोळा करायचं दामिनीनेच ठरवलं. कॉलेजच्या मुलींना तिने गल्ल्या वाटून दिल्या. एक गल्ली मात्र कोणालाच दिली नाही आणि स्वतःही टाळत राहिली. तिथे तिचे वडील रतिलाल राहत. तिने डोंगरातल्या राजेंद्रशी लग्न केलं, त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून ते दार तिला बंद होतं.

दुपारपर्यंत तेवढीच गल्ली राहिली. शेवटी तिने कडी वाजवली. दार रतिलालनीच उघडलं.

"काय काम शे?"

मुलींना शिकवलेलंच वाक्य तिने कसंबसं म्हटलं, "नमस्कार. डोंगरात पाड्यावर आग लागली, बारा घरं जळाली. जमेल ते द्या."

रतिलाल दार लोटायला लागले आणि मध्येच थांबले.

"त्या बारामा तुन्हं घर शे का?"

सकाळपासून एकाही दारात तिने हे सांगितलं नव्हतं. तिने नुसती होकारार्थी मान हलवली.

रतिलालनी आत वळून तिच्या आईला हाक मारली, "सरला, बाहेर ये! आपली पोर घर उनी शे."