कारल्याचं पेटंट

पडद्यावर नुसते दोन हात दिसत होते. चित्रफितीतून चेहरा कापून टाकला होता. ते हात कारल्याच्या मादी फुलाची पाकळी नखाने अलगद चिरत होते, आत पराग लावत होते आणि वरून कागदी पिशवी चढवत होते. मागच्या खुर्चीत प्रभा मांडीवर कारल्याची कुंडी घेऊन बसली होती आणि स्वतःचेच हात बघत होती. माझा मेला चेहरा काय एवढा वाईट आहे, असं तिला वाटून गेलं.

कुंडी तिनेच आणली होती, मानेसरजवळच्या बियाणे कंपनीच्या शेतावरून थेट दिल्लीतल्या या पेटंट कचेरीपर्यंत, नमुना म्हणून दाखवायला. गाडीत डॉक्टरांच्या कोटाला माती लागू नये म्हणून सारी वाट मांडीवरच धरली होती. डॉक्टर म्हणजे श्रीरंग दंडवते, कंपनीचे मुख्य संशोधक. संशोधक कसले, माझं डोंबल! प्रभा एकोणीस वर्षं कंत्राटावर त्या शेतात राबत होती. एवढ्या काळात हा माणूस कधी बांधाखाली उतरलेला तिने पाहिला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि दूध निघालं की चरवी आपल्या घरी न्यायची, एवढंच त्याचं संशोधन.

मे महिन्यात इकडच्या उन्हाने पराग करपून जातो. दहा फुलांतली जेमतेम तीन धरतात. प्रभाने चार उन्हाळे खपून त्यावर युक्ती काढली. नरफुलं संध्याकाळीच खुडायची, ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवायची आणि पहाटे मादी फूल उमलायच्या आत पाकळी चिरून पराग लावायचा. दहातली आठ फुलं धरायला लागली. तिने कौतुकाने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी एसी खोलीत बसून बारा पानं लिहिली आणि स्वतःच्या नावाने पेटंटचा अर्ज ठोकून दिला. आयत्या बिळावर नागोबा! त्या बारा पानांत माठाला म्हटलं होतं ‘बाष्पशीतन कक्ष’ आणि तिच्या नखाला ‘सूक्ष्म छेदन साधन’. तिचं नाव कुठेच नव्हतं.

“सर, माझं पण नाव घाला ना,” ती महिन्यापूर्वी म्हणाली होती.

“अच्छा?” डॉक्टर खो-खो हसले होते. “अहो प्रभाबाई, फॉर्मवर शास्त्रज्ञांची नावं असतात. उद्या तो माठसुद्धा म्हणेल, माझं नाव घाला! दिवाळीला मिठाईचा डबा देऊ ना तुम्हाला, बिल्कुल.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण आठवी शिकलेली बाई, भांडणार कुणाशी? घरी येऊन तिने नुसती भांडी आपटली.

आज सुनावणी होती. कायद्याचं म्हणणं सरळ होतं. झाडाचं किंवा बियाण्याचं पेटंट मिळत नाही आणि जी पैदाशीची रीत निसर्ग आपली आपणच चालवतो, तिचंही मिळत नाही. म्हणून कंपनीचे वकील अविनाश सकाळपासून एकच गोष्ट ठासून ठासून सांगत होते.

“मॅडम, इथे निसर्ग काही करतच नाही. सगळी कमाल माणसाच्या हाताची आहे. हे हात बघा!”

डॉक्टर कौतुक झेलल्यासारखे मान डोलवत होते. लाज नावाची चीज नाही, प्रभाच्या मनात आलं.

पेटंट अधिकारी विजयालक्ष्मी मॅडमनी चित्रफीत थांबवली. पडद्याकडे नीट पाहिलं.

“हाताचं कौशल्य दिसतंय, ते मान्य. पण डॉक्टर, या हिरव्या बांगड्या तुमच्या?”

डॉक्टरांनी आपले हात टेबलाखाली घेतले. “ते... आमच्या शेतावरच्या मजूर बाईचे हात आहेत.”

मॅडमनी मागे पाहिलं. “युक्ती कुणाची?”

“माझी,” प्रभा म्हणाली. तोंडातून निघूनच गेलं. मग तिने माठाचं, फडक्याचं, पहाटेचं सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये दोन प्रश्न विचारले. डॉक्टरांना जी उत्तरं अर्ध्या तासात देता आली नव्हती, ती तिने चुटकीसरशी दिली.

“मग संशोधक म्हणून यांचं नाव अर्जात का नाही?”

अविनाश वकील डॉक्टरांच्या कानाशी वाकले. “सर, राहून गेलं म्हणा. दुरुस्ती मी आजच देतो. एक नाव घातलं की काम झालं, चलो.”

प्रभाला ते ऐकू आलं. एक नाव! एवढंच तर ती मागत होती.

डॉक्टरांचं तोंड लालबुंद झालं. आपल्या नावाशेजारी या बाईचं नाव? परिषदेत, कंपनीत, लोकांत? अकलेपेक्षा माज वाढला की माणसाला समोरचा खड्डाही दिसत नाही. ते ताडकन उठले.

“हिचं नाव? मॅडम, आठवी पास बाई आहे ही! हिला कसलं आलंय कौशल्य? ही जे पगार घेऊन करते ना, ते मधमाशी फुकटात करते!”

प्रभाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात शेजारी अविनाश वकिलांनी कपाळावर हात मारून घेतला आणि फाईल मिटली. ते पाहून तिचं पाणी तिथेच थांबलं.

विजयालक्ष्मी मॅडम टायपिस्टकडे वळल्या.

“लिहून घ्या. अर्जदारांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार हे काम मधमाशी करते. अर्ज नामंजूर.”