न बिघडणारा टेप

शेजाऱ्यांचा मिक्सर दर महिन्याला बिघडायचा. मेकॅनिक यायचा, चहा घ्यायचा, तासभर गप्पा हाणायचा. भिंतीच्या अलीकडे आजोबा एकटेच ते ऐकत बसायचे. त्यांच्याकडे तरुणपणी घेतलेला दोन स्पीकरांचा भलामोठा टेप होता. मेला कधी बिघडतच नव्हता!

आपल्याकडेही कुणी यावं म्हणून त्यांनी तो जिन्यावरून सोडला. खोटं नाही सांगत, पायरीचा टवका उडाला, पण टेपने गाण्यातला एक शब्द गाळला नाही. मग बादलीत बुडवला. थोडा वेळ सर्दी झाल्यासारखा गायला आणि पुन्हा ठणठणीत! शेवटी आजोबांनी मेकॅनिकला तसंच बोलावलं.

"आजोबा, याला काय धाड भरलीय? तुम्हाला-मला पोचवून येईल हा!"

"नीट बघ रे. खरखरतोय."

"खरखर तुमच्या घशात आहे. बोलायला कुणी नाही ना?"

आजोबांनी चहाचं आधण ठेवलं. चहा पिऊन मेकॅनिक गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात. "माझा स्क्रूड्रायव्हर राहिला का हो इथे?"

 

दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत घर धुंडाळलं. मेकॅनिकच्या वरच्या खिशातून डोकावणाऱ्या स्क्रूड्रायव्हरकडे मात्र दोघांपैकी एकानेही पाहिलं नाही.