तल्हाचं गॅरेज

परीक्षकानं किक मारायला दुसऱ्यांदा सांगितलं, तरी दीनानाथ हलले नाहीत.

कुवेत सिटीत समुद्राकाठच्या मैदानावर जुन्या ब्रिटिश गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. जॅग्वार, मिनी, ऑस्टिन ओळीनं उभ्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे मोटरसायकली. सगळ्यात जास्त गर्दी दीनानाथांच्या काळ्या मोटरसायकलभोवती होती. पहिलं बक्षीस तिलाच द्यायचं, असं परीक्षकांचं जवळजवळ ठरलं होतं. फक्त ती चालू करून दाखवायची होती. नियमच तसा होता.

त्यांची बायको सुचित्रा गर्दीच्या मागे उभी होती. याच मोटरसायकलवर तिचा मयूर गेला. एकुलता एक. कॉलेजच्या सुट्टीत अबू हलीफाला घरी आला होता. एका सकाळी वडिलांची मोटरसायकल घेऊन बाहेर पडला आणि किनाऱ्याच्या रस्त्यावर वाळूवरून घसरला. ज्या हॉस्पिटलात सुचित्रा नर्स होती, तिथंच त्याला आणलं.

मोडलेली मोटरसायकल दीनानाथांनी भंगारात दिली नाही. रुमैथियाला तल्हाच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. तल्हा त्यांचा कंपनीतला जुना कुवेती मित्र; हिंदी तो तिथंच शिकला होता. तेव्हापासून दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ते सकाळी तिकडे जात आणि दिवस मावळल्यावर परत येत. हाताला ग्रीस आणि पॉलिशचा वास.

"ज्या गाडीनं पोरगं नेलं, तिला चकाकी आणताय?" सुचित्रानं एकदाच विचारलं होतं. दीनानाथ किल्ल्या उचलून बाहेर पडले होते. मग तिनं विचारणं सोडलं. पुढे पुढे बोलणंच सोडलं. मुलांच्या शाळा संपतात त्या सुमारास लोक गावी निघतात, तेव्हा आपणही नाशिकला जायचं आणि परत यायचं नाही, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. आजही ती आली नसती. तल्हानं स्वतः फोन केला, "भाभी, एक बार देख लो." प्रदर्शनात नावही त्यानंच घातलं होतं.

"लाजतोय तो," तल्हा परीक्षकाला अरबीत हसत म्हणाला. अंगातला पांढरा पायघोळ डिशडाशा सावरत तो पुढे झाला आणि त्यानंच किक मारली.

किकला जोर लागलाच नाही. ती सरळ खाली गेली. त्यानं पुन्हा मारली. पुन्हा तेच. तल्हानं वळून दीनानाथांकडे पाहिलं.

"आत पिस्टन नाही," दीनानाथ गर्दीतून सुचित्राकडे बघत म्हणाले. तेच त्यांनी तल्हाला हिंदीत सांगितलं आणि पुन्हा तिच्याकडे वळले. "मीच काढला. ती तशी मोडलेली टाकवत नव्हती मला. आणि चालूही करवत नव्हती."

परीक्षकानं मान हलवली आणि तो शेजारच्या मोटरसायकलकडे वळला. भोवतालची माणसं पांगली.

सुचित्रा पुढे आली. पहिल्यांदाच तिनं ती मोटरसायकल जवळून पाहिली. इतकी नीट, इतकी कोरी, की कुठे काय मोडलं होतं ते सांगता आलं नसतं.

"पण हे काम केव्हाच पूर्ण झालं असणार," ती म्हणाली. "मग अजून दर शुक्रवारी तिथं काय करता?"

दीनानाथ खिशातल्या फडक्यानं टाकी पुसू लागले. तल्हाला मराठी येत नव्हतं, पण प्रश्न त्याला कळला असावा.

"भाभी, ये उधर रोता है," तो हळू आवाजात म्हणाला. "मैं शटर गिरा के बाहर बैठता हूँ. कोई अंदर न जाए."

मैदानात गाड्यांची फेरी सुरू झाली. सगळी इंजिनं एकदम धडधडू लागली. दीनानाथांनी चेहरा दुसरीकडे फिरवला होता. सुचित्रा त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, आवाज थोडा कमी होईपर्यंत थांबली, आणि म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी मी पण येते."