लाल ठिपका

पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. आधी जुन्या सायकलवर, मग तासभर विसावा घेऊन त्या नव्या, वारा कापणाऱ्या सायकलवर. दुकानदाराने ती दोन दिवस चालवून बघायला दिली होती. नवीवरून परतून लेक दारात थांबली तसं सायकलमिस्त्रीने घड्याळ दाबलं. वेळ जुनीइतकीच! सेकंदाचाही फरक नाही.

मिस्त्री मनातल्या मनात नाचला. जुनी सायकल त्याने स्वतः, एकेक तार ताणून, लेकीसाठी बांधली होती. आता रविवारच्या शर्यतीत ती कशावर बसणार, हे सांगायलाच नको.

"मग? उगाच कशाला नवी?" म्हणत त्याने नवीचं मागचं चाक सहज फिरवलं, आणि त्याचा चेहरा पडला. स्स... स्स... ब्रेक घासत होता. अगदी केसभर.

झालं! गप्प बसला असता तर कोणाला कळणार होतं? पण तीस वर्षांत घासणारं चाक त्याने दाराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. मेला हा कान!

"ब्रेक घासतोय हिचा," तो पुटपुटला आणि पाना घेऊन बसला. "पाणी पी, दम खा. पुन्हा जायचंय तुला."

या खेपेला कोपऱ्यावरून पोर अशी काही वळली, की मिस्त्री घड्याळ दाबायचंच विसरता विसरता राहिला. वीस सेकंद कमी.

"घे नवी," तो म्हणाला. "उद्याच सांगतो दुकानदाराला. आपली हरली, पण चोख हरली."

लेक जुन्या सायकलच्या नटांवरून बोट फिरवत होती. स्वतः आवळलेल्या प्रत्येक नटावर मिस्त्री लाल रंगाचा ठिपका द्यायचा. याला माझा हात लागलाय, बिनधास्त बस, असा त्याचा अर्थ. तिने रंगाचा डबा आणून त्याच्यासमोर ठेवला.

"बाबा, नवीवर ठिपका कुठाय?"

"अगं, ती कंपनीची. तिच्यात माझं काय आहे?"

"वीस सेकंद."

मिस्त्रीने ब्रश रंगात बुडवला, नटापर्यंत नेला आणि तसाच मागे घेतला.

"थांब," तो पाना उचलत म्हणाला. "आधी एकेक नट तपासतो. फुकटचा ठिपका मी देत नाही."