बटण लागलं तर

माणसाची खरी उंची संकटातच कळते. शिंप्याचं संकट दहा वाजता गाडीने येणार होतं आणि नात्याने ते त्याचा मेहुणा लागत होतं. तोपर्यंत शिंपी ओट्यापाशी उभा राहून कोंबडीच्या माना सोलत होता.

शिजलेलं हाड छोट्या कुत्र्याच्या घशात अडकतं. म्हणून उकडलेल्या मानांवरचं मांस तो शिवण उसवावी तसं अलगद सोडवत होता. खाली रीळ आणि बॉबिन बसली होती. दोघांची उंची शिलाई मशीनच्या पायडलच्या जेमतेम वर. शेपट्या मात्र मोटरवर चालल्यासारख्या.

"इतक्या वर्षांत माझ्या ताटातल्या माशाचा एक काटा काढून दिला नाहीत," बायको म्हणाली.

"अगं, आज निकाल आहे!"

महिन्यापूर्वी मेहुणा आला होता. कुत्री पाहून म्हणाला, "भाऊजी, ही कुत्री आहेत की उंदरांनी सोंग घेतलंय?" मग त्याने स्वतःच्या कुत्र्याला घालतो त्या भारी खाण्याचं नाव सांगितलं. त्याच्या एका पिशवीला अख्ख्या सुटाची शिलाई गेली असती, आणि सूट हल्ली लोक तयार घेत होते. "परवडत नसेल तर मी नेतो यांना. माझ्याकडे अंगण आहे." मेहुण्याकडे सगळंच होतं, मतं तर गरजेपेक्षा जास्त.

"ने बाबा," बायको म्हणाली. "घरभर केस. माझी सुटका तरी होईल."

शिंप्याने गळ्यातली टेप काढली, तिथल्या तिथे दोघांची मापं घेतली आणि एका गिऱ्हाइकाच्या लोकरी कोटातून उरलेल्या तुकड्याची दोन जॅकेटं शिवली. अगदी अंगाबरोबर.

"महिन्याने ये. पोटावरचं बटण लागलं तर कुत्री तुझी. नाही लागलं, म्हणजे अंग भरलं, तर माझी."

"सरळ वजन करू की, भाऊजी."

"काटा खोटं बोलतो. कापड बोलत नाही."

हे त्याने इतक्या गंभीरपणे सांगितलं की मेहुण्याला हो म्हणावंच लागलं.

मग शिंप्याने कंबर कसली. खाटकाचे फाटके एप्रन शिवून दिले, बदल्यात माना आणि थोडी कलेजी आली. भाजीवालीच्या ताडपत्रीला ठिगळ लावलं, बदल्यात वाकडी गाजरं आणि भोपळ्याची विकली न गेलेली फोड मिळाली. भात घरचा. अंडं एक, दोघांत मिळून. मीठ नाही, कांदा-लसूण नाही. पोटं लहान म्हणून एका वेळी मूठभरच, पण वेळ चुकवायची नाही. आहे त्या कापडात बसवायचं, हा त्याच्या धंद्याचा नियम त्याने पातेल्यालाही लावला. कुत्र्यांचे केस चमकू लागले. जिना दोघं उड्या मारत चढू लागली. पण अंगावर मांस चढलं का, ते रोज बघणाऱ्याला कळत नाही. आणि जॅकेटं घालून बघायची त्याने स्वतःलाच बंदी केली होती. कापड ताणलं गेलं तर निकालाला अर्थ काय?

जॅकेटं खुंटीवर लटकत राहिली. आदल्या दिवशी बायकोने त्यांना इस्त्री केली. पाठवणीची तयारी, असं शिंप्याला वाटलं.

दहाला हॉर्न वाजला. मेहुणा बास्केट घेऊनच वर आला. आत मऊ गादीसुद्धा घातलेली होती.

"चला भाऊजी, चढवा कोट."

बॉबिनला कापायच्या टेबलावर उभं केलं. पुढचे पाय जॅकेटात गेले. शिंप्याने दोन्ही कडा पोटाखाली ओढल्या. त्या भेटल्या नाहीत. पुन्हा ओढल्या. मध्ये दोन बोटांची फट.

"श्वास सोडायला सांगा त्याला," मेहुणा म्हणाला.

"तूच सांग. तुझं ऐकेल."

बॉबिनने श्वास सोडला, जांभई दिली आणि मेहुण्याचं नाक चाटलं. बटण लागलं नाही. मग रीळ आली. तिच्या पोटाखाली तर तीन बोटांची फट.

"नाही लागत! अगं, बाहेर ये! नाही लागत!"

शिंपी टेप फिरवत टेबलाभोवती नाचला. कुत्र्यांनी भुंकून घर डोक्यावर घेतलं. मेहुण्याने शर्टाच्या बाह्या सारून स्वतः झटापट करून पाहिली. घाम आला, बटण आलं नाही.

"मानलं, भाऊजी! कोंबडीच्या मानांवर? एका महिन्यात?"

"माना, भोपळा आणि शिस्त," शिंपी म्हणाला. आवाजात त्याने शक्य तेवढी नम्रता आणली. ती फारशी शक्य नव्हती.

मेहुण्याने आपल्या कुत्र्यासाठी सगळी कृती दोनदा विचारून घेतली आणि रिकाम्या बास्केटमधून नमुन्याचा एक डबा घरी नेला.

गाडी गेल्यावर शिंप्याने शिवणी सोडवून जॅकेटं मोठी करायला ती उलटी केली. बोटं कापडावर थबकली. त्याने टेप लावली. पाठीची लांबीसुद्धा कमी भरत होती. कुत्रं जाड झालं म्हणून त्याचं जॅकेट आखूड होत नाही.

"अगं," त्याने हळूच विचारलं, "ही तू धुतलीस?"

बायको खाली बसून रिळेला तिच्या वाटीतलं उरलेलं गाजर बोटाने भरवत होती.

"उकळत्या पाण्यात," ती म्हणाली. "दोनदा. एकदा धुतल्यावर बटण लागत होतं."